आकृतीतून सुटलेली रेघ

११ फेब्रुवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात पुढे सरकला नाही. नुसतं दादा चालवून घे. तीन वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही, आणि आताही मी काही खुशाली विचारायला बसलेली नाही.

काल सकाळी दुकान उघडून केर काढत होते, तेवढ्यात एक बाई पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या आसपास. हातातली कापडी पिशवी इतकी जड की खांदा एका बाजूला कलला होता. त्यांनी मासिकाचं एक पान पुढे केलं. तुझ्या लेखाचं शेवटचं पान, खाली 'पत्रव्यवहारासाठी' म्हणून आपल्या दुकानाचा पत्ता.

"हाच ना पत्ता?"

"हाच. पण लेख लिहिणारे इथे राहत नाहीत."

"मला लिहिणारे नकोतच. दुरुस्त करणारं कोणी असलं तर सांगा," असं म्हणून त्यांनी पिशवीतला ॲम्प्लिफायर काउंटरवर ठेवला.

आपलं पोर दुसऱ्याच्या घरी वाढलेलं बघावं, तशी मी बघत राहिले. ॲल्युमिनियमची पेटी, दोन-दोनच्या जोडीत चार काचेचे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्सफॉर्मर, पुढे एकच बटण. हुबेहूब माझ्या वहीतला. फक्त काम माझ्यापेक्षा नीटनेटकं. वायरी काटकोनात वळवलेल्या, प्रत्येक जोडाशेजारी कागदाची बारीक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर मोत्यासारखं अक्षर.

"किती सुरेख केलंय. कोणी?"

"आमच्या ह्यांनी," त्या म्हणाल्या. "ते गेले. पंधरा दिवस झाले."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं, जणू बऱ्याच जणांना सांगून पाठ झालं होतं. नवरा छापखान्यात प्रूफं तपासायचा. निवृत्त झाल्यावर जुन्या बाजारात इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनची एक जोडी सापडली. ती वाजवायला लागणारं यंत्र मात्र कुठे मिळेना. मग तुझा लेख हाती लागला: 'कुणालाही घरी करता येईल असा साधा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर'. चार महिने खपून त्याने तो बनवला. पहिल्यांदा लावला तर व्हॉल्व्ह पेटेनात. त्याने बटण बंद केलं, भिंतीतली पिन काढली, स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "पिन काढलीय गं, काळजी करू नकोस," आणि आत हात घातला. झटक्याने स्टुलासकट मागे फेकला गेला. डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. अकरा दिवस दवाखान्यात होता. शुद्धीवर आलाच नाही.

त्या गेल्यावर मी खालची पत्र्याची प्लेट उघडली. व्हॉल्व्ह पेटवणाऱ्या वायरीचा एक जोड कच्चा राहिला होता, बस. नवशिक्याची चूक, दोन मिनिटांची. माणूस त्याने मरत नाही. मरतो तो कशाने, ते तुला माहीत आहे. हे हेडफोन साधे नसतात. त्यात दोन जाळ्यांच्या मध्ये एक पातळ पापुद्रा ताणलेला असतो, आणि तो हलवायला सहाशे-सहाशे व्होल्ट लागतात. बटण बंद केलं तरी ते व्होल्ट कपॅसिटरमध्ये कोंडून बसतात. म्हणून कपॅसिटरला एक रेझिस्टर आडवा टाकायचा असतो. तो अर्ध्या मिनिटात सगळं रिकामं करतो. कागदावर एक नागमोडी रेघ, त्याहून जास्त काही नाही.

माझ्या वहीत ती रेघ आहे. तुझ्या लेखातल्या आकृतीत नाही. त्या माणसाने छापलेलं ब्रह्मवाक्य मानलं, आणि त्याच्याही पेटीत ती नाही.

तू ताबडतोब मासिकाला कळव. दुरुस्ती छापून आण. तो लेख वाचून आणखी किती जण पेट्या बनवत असतील कोण जाणे.

धाकटी

३ मार्च

दादा,

तुझं टाइप केलेलं पत्र मिळालं. ऑफिसच्या कागदावर लिहिलंस, पण वरचं कंपनीचं नाव तेवढं कापून काढलंस. कात्री सरळ चालवलीस, एवढं म्हणते.

तू लिहितोस, 'मृत्यू डोक्याला मार लागून झाला आहे, विजेने नव्हे.' वा. कड्यावरून ढकललेला माणूससुद्धा खालच्या दगडानेच मरतो.

पुढे लिहितोस, 'व्हॉल्व्ह गरम असताना कपॅसिटर त्यांच्यातूनच रिकामा होतो, म्हणून तो रेझिस्टर अनावश्यक ठरतो. भाग कमी करणे हाच लेखाचा उद्देश होता.' हे मी बारा वेळा वाचलं असेल. दादा, व्हॉल्व्ह गरम असतील तर! पेटलेच नाहीत तर? न पेटलेला व्हॉल्व्ह म्हणजे बंद नळ. आणि माणूस पेटीत हात कधी घालतो? ती चालत असताना नाही. ती चालत नाही तेव्हाच घालतो. हे कॉलेजात शिकवत नसतील, दुकानात रोज कळतं.

साधेपणाबद्दल तू मला शिकवू नकोस. ती वही लिहायला मला दोन वर्षं लागली. बंद पडलेल्या स्टुडिओतून बाबांनी ते हेडफोन उचलून आणले, तेव्हा त्यांचे कान जायला लागले होते. हे लावून एकदा नीट ऐकायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं. दोन वर्षं मी मोठमोठ्या आकृत्या काढल्या आणि फाडल्या. मग एके दिवशी दुपारी, एका रेडिओचा काटा फिरवणारा दोरा बदलता बदलता, डोक्यात आलं: त्या जाळ्यांना करंट जवळजवळ लागतच नाही, फक्त व्होल्टेज लागतं, आणि व्हॉल्व्हकडे तर व्होल्टेजच पडून असतं. मग मध्ये आणखी यंत्रं कशाला? एक व्हॉल्व्ह एका जाळीला, दुसरा दुसऱ्या जाळीला. एक वर जाईल तेव्हा दुसरा खाली येईल, आणि पापुद्रा मधल्यामध्ये झुलेल. मी कात्री तशीच टाकून वही ओढली. आयुष्यात इतका आनंद मला दुसऱ्या कशानेही झालेला नाही, आणि हे लिहिताना मला लाजही वाटत नाही. त्याच आकृतीत, त्याच दुपारी, ती नागमोडी रेघही काढली होती. साधं म्हणजे काय काढून टाकता येतं ते नव्हे. काय काढता येत नाही ते कळणं म्हणजे साधं.

आता तुझं तिसरं वाक्य. 'वही मी चोरलेली नाही. बाबांनी स्वतः दिली. त्यांनाच विचार.'

विचारलं.

ते नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. मी ते काढले आणि कानाशी जाऊन विचारलं, "माझी वही दादाला तुम्ही दिलीत?"

"कुठली वही?"

"बाबा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्याचं बढतीचं अडलं होतं. काहीतरी छापून आलेलं असलं की साहेब लोक विचार करतात, असं तो म्हणाला. त्याच्या नावाला वजन आहे, शिकलेला आहे तो. तुझं नाव वाचून कोण काय करणार होतं?"

"मी केलं होतं ते. तुमच्या डोळ्यांसमोर केलं."

"मग, मी कुठे नाही म्हणतोय? तुझं आहे ते तुझ्या डोक्यात आहेच की. परत लिहिशील." आणि हेडफोन घ्यायला हात पुढे केला.

तीन वर्षं मी तुला चोर म्हणत आले. आता तोही हक्क गेला. आई आजारी पडली तेव्हा कॉलेज कोणी सोडायचं, हेही त्यांनी असंच ठरवलं होतं, चष्मा पुसत. आपल्या घरात चोऱ्या होत नाहीत दादा, वाटण्या होतात.

पण दुरुस्तीचं काय? त्याबद्दल तुझ्या पत्रात चकार शब्द नाही.

धाकटी

१९ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. मीच संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "लेखकाच्या सहीशिवाय आम्ही दुरुस्ती छापत नाही. उद्या कोणीही उठेल आणि कोणाच्याही लेखात चुका काढेल." सभ्य गृहस्थ आहेत. सही घेऊन या, लगेच छापतो म्हणाले.

त्या बाईंचा ॲम्प्लिफायर मी दुरुस्त केला. कच्चा जोड पक्का केला, रेझिस्टर बसवला, आठवडाभर बाबांच्या हेडफोनवर चालवून बघितला आणि परवा त्यांच्या घरी नेऊन दिला. दोन खोल्यांचं घर. खिडकीशी त्याचं टेबल, टेबलावर भिंग, धार केलेल्या पेन्सिली आणि ते स्टूल. कपाटाच्या कोपऱ्याला त्यांनी जुना टॉवेल बांधून ठेवलाय. आता कोणासाठी, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

व्हॉल्व्ह पेटले. मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले. त्यांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने नको तेवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "गाणारी श्वास घेतेय ते ऐकू येतंय!" हेडफोन लावलेली माणसं ओरडूनच बोलतात. मग त्यांनी ते काढून मांडीवर ठेवले. "ह्यांनी ऐकायला हवं होतं," म्हणाल्या. आणि मग अगदी सहज: "एक विचारू? ह्यांनी तुमच्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं. मिळालं होतं का?"

मी म्हटलं, "नाही हो काकू. आमच्याकडे नाही आलं."

दादा, मिळालं होतं.

हे लिहायला मला तीन पत्रं लागली. पहिल्या पत्रात मी तुला तावातावाने जाब विचारला तेव्हा ते माझ्या टेबलाच्या खणात होतं. लेख छापून आल्यापासून तुझ्या नावाने इथे पत्रं येत होती. कौतुकाची, शंकांची. मी ती उघडायची, वाचायची आणि खणात टाकायची. तुला पाठवली नाहीत. स्वतः उत्तर दिलं नाही. ज्याचं नाव त्याने निस्तरावं, मी का म्हणून फुकटची कारकुनी करू? असं म्हणायचे.

त्याचं पत्र नऊ जानेवारीला आलं. पाच ओळी. उतरवून देते:

'बत्तीस वर्षे प्रुफे तपासली, त्यामुळे सुटलेले अक्षर डोळ्यांना खुपते. जुन्या रेडिओंच्या आकृत्यांत कपॅसिटरला आडवा एक रेझिस्टर दिसतो. आपल्या आकृतीत तो दिसत नाही. मुद्दाम वगळला आहे, की छपाईत सुटला? माझे ज्ञान तोकडे आहे, तरी कृपया दोन ओळी कळवाव्यात.'

मी वाचलं, लेखाचं पान काढलं आणि पहिल्यांदाच बारकाईने पाहिलं. रेघ नव्हती. आणि दादा, मला काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. बसल्या जागी हसू आलं मला. म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला होता ना, आता कोणीतरी मोठा माणूस ही चूक पकडेल, मासिकात छापेल, साहेबांना कळेल आणि ह्याची चांगली फजिती होईल. तोवर आपण गप्प राहायचं. मरण डोक्यात आलंच नव्हतं असंही म्हणवत नाही. सहाशे व्होल्ट काय करतात ते मला माहीत आहे. ते डोक्यात आलं आणि मी त्याला बाजूला सारलं.

दोन ओळी मागितल्या होत्या त्याने. मला एक शब्द पुरला असता.

तू रेघ गाळलीस ती अडाणीपणाने. मी जाणूनबुजून गप्प बसले. आता सांग, वजन कोणाचं जास्त भरतं?

सही पाठव. तुझं नाव वाचवण्यासाठी म्हणून पाठव, पण पाठव.

धाकटी

२ एप्रिल

दादा,

त्या बाईंकडे जाऊन आले. पत्र सोबत नेलं.

दारातच म्हटलं, "काकू, मी खोटं बोलले. पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नाही." पुढची कारणं पाठ केली होती, भावाबद्दलची, वहीबद्दलची. पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि एकही कारण तोंडातून फुटेना. कारणं आपल्या घरातली होती. त्यांच्या दारात त्यांना काय किंमत?

त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं. त्याच्या टेबलावरून भिंग आणून पुन्हा वाचलं. रडतील, ओरडतील, मला मारतील, सगळं सहन करायची मी तयारी केली होती.

त्या म्हणाल्या, "आठ दिवस वाट बघितली त्यांनी. पोस्टमन दिसला की गॅलरीत जायचे. मी म्हटलं, एवढे का थांबलाय, लावून बघा की. तर म्हणायचे, मोठी माणसं आहेत, वेळ लागतो."

मी खाली बघत होते.

"नवव्या दिवशी म्हणाले, उत्तर आलं नाही, म्हणजे माझा प्रश्नच खुळचट असणार. त्यांना हसू आलं असेल. आणि मग बसले लावायला."

त्यांना हसू आलं असेल, असं म्हणाला तो.

"काकू..."

"तुम्ही आता जा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पुन्हा येऊ नका. आणि काकू म्हणू नका मला."

दार त्यांनी इतकं हळू लावलं की कडीचा आवाजसुद्धा आला नाही.

घरी आले तर बाबा म्हणाले, "कुठे गेली होतीस? चहाची वेळ टळली." मी चहा टाकला.

२८ मे

दादा,

तुझी सही परतीच्या टपालाने आली होती. आधीच्या पत्राला उत्तर नव्हतं, पण माझी कबुली वाचल्यावर दोन दिवसांत कागद हजर. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. फक्त संपादकांच्या नावे, वकिलाकडून तपासून घेतल्यासारखं एक वाक्य: 'सदर ॲम्प्लिफायरचा मूळ आराखडा संपूर्णपणे माझ्या धाकट्या बहिणीचा असून त्यातील गुणदोषांशी माझा संबंध नाही.'

काउंटरवर बसून मी ते मोठ्याने वाचलं. संपूर्णपणे माझ्या धाकट्या बहिणीचा! हे एवढं लिहून घ्यायला मी तीन वर्षं तुझ्याशी अबोला धरला, बाबांशी भांडले, एका माणसाचं पत्र खणात कुजवलं. माझं काम तुला हवं होतं तोवर ते तुझं होतं. त्याच्यात मढं निघालं तेव्हा ते माझं झालं. पण काय आहे दादा, त्या कागदावरचा 'संपूर्णपणे' हा शब्द खरा आहे. गुण माझे होते, आणि तू गाळलेली रेघ मला दिसल्यानंतर तो दोषही माझाच झाला होता.

मी संपादकांना सविस्तर लिहून दिलं. मूळ वहीत रेझिस्टर होता, लेखात तो गाळला गेला, एका वाचकाने तो वेळेवर दाखवून दिला, मी उत्तर दिलं नाही, तो वाचक वारला. महिना उलटल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, हे असं नाही छापता येणार. यात वाद आहे, कोर्टकचेरी आहे. मालकांना विचारावं लागेल. पुढच्या महिन्यावर जाईल, कदाचित त्याच्याही पुढच्या."

"आणि या महिन्यात काय छापता येईल?"

त्यांनी कागद ओढून चार ओळी खरडल्या. 'मूळ आराखडाकर्तीच्या नजरचुकीने आकृतीत एक महत्त्वाचा रेझिस्टर राहून गेला आहे. वाचकांनी तो बसवल्याशिवाय ॲम्प्लिफायर वापरू नये व आत हात घालू नये. तसदीबद्दल क्षमस्व.' खाली माझं नाव.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"खोटं म्हणजे... संक्षिप्त आहे."

पुढच्या महिन्यापर्यंत किती जण स्टुलावर बसतील, पिन काढतील आणि आत हात घालतील, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नव्हता. मी म्हटलं, "नजरचुकीने तर नजरचुकीने. पण रेझिस्टर किती ओहमचा आणि कुठे बसवायचा, ते मोठ्या टाइपात छापा. आकृती पुन्हा काढून देते." आकृती तिथेच बसून काढली. ती नागमोडी रेघ इतकी जाड काढली की कागद फाटायचा राहिला.

अंक परवा आला. बाबांनी मागून घेतला. डोळ्यांशी धरून बराच वेळ शोधत होते.

"ह्यात मोठ्याचं नाव कुठाय?"

"नाही."

"का?"

"आता हे माझं आहे ना, म्हणून."

त्यांनी अंक मिटून माझ्या हातात दिला. "छापून यायचं तर काहीतरी चांगलं तरी यायचं," म्हणाले. मी त्यांचे हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवून दिले. आता ते ऐकताना मी त्या खोलीत थांबत नाही.

त्या बाईंना अंक पाठवला होता. पाकीट न उघडता परत आलं.

खणातली जुनी पत्रं बाहेर काढून एकेकाला उत्तरं लिहितेय. एकोणचाळीस होती. बत्तीस झाली. नवीनही येतात, त्यांना त्याच दिवशी लिहिते. काल एका गृहस्थांचं आलं: 'मॅडम, एवढी गंभीर चूक करणाऱ्या व्यक्तीने पुन्हा सोल्डरिंगला हात लावू नये, ही नम्र विनंती.'

मी लिहिलं: 'आपलं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही रेझिस्टर बसवलात का, तेवढं मात्र उलट टपाली कळवा. मी वाट बघतेय.'